बैलांनी न ओढलेले डबे

आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी भांडण होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंची स्कूटर आत भिंतीशी अडकलेली असते, तिच्यापुढं बँकवाल्यांची गाडी असते आणि बँकवाले नेमके आंघोळीला गेलेले असतात. मी गॅलरीत चहाचा कप घेऊन बघत असतो. सोसायटीच्या सभेत मी एकदा सांगून पाहिलं, की गाडी लावताना उद्या सकाळी कोण आधी निघणार एवढाच विचार करायचा असतो, बाकी आपोआप सुटतं. सगळ्यांनी माना हलवल्या. "काका रेल्वेत होते," असं अध्यक्षांनी कौतुकानं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी स्कूटर पुन्हा भिंतीशी होती.

रेल्वेत होतो म्हटलं की लोक विचारतात, ड्रायव्हर होतात की गार्ड? तिकिटं तपासायचात का? ह्यातलं काहीच नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपतो. मी मालगाडीच्या डब्यांना जागा द्यायचो. कुठला डबा कुठं उभा राहील, कुणाच्या आधी जाईल, कुणाच्या मागं थांबेल, हे ठरवणं माझं काम. हुद्द्याची नावं बदलत गेली, काम तेच राहिलं. घरी पाहुणे आले की बायको सांगायची, "ह्यांचं यार्डात असतं काहीतरी." संसारभर तिनं ह्यापलीकडं चौकशी केली नाही आणि मीही सांगितलं नाही.

आज सांगतो, कारण सांगण्यासारखं एक प्रकरण माझ्याकडं आहे आणि ते ठाऊक असलेली माणसं आता फारशी उरलेली नाहीत.

ही मीटरगेजची शेवटची वर्षं. आज शहराचं नाव संभाजीनगर आहे, तेव्हा औरंगाबाद होतं. वाळूजकडं कारखान्यांची धुराडी उगवत होती, सिडकोत नव्या कॉलन्या पडत होत्या, आणि पाऊस मात्र लागोपाठ दगा देत होता. घरं वाढत होती आणि नळ कोरडे होते. टँकर आला की नव्या बंगल्यांतल्या बायका आणि झोपड्यांतल्या बायका एकाच रांगेत घागरी घेऊन उभ्या राहायच्या. माझ्या केबिनच्या खिडकीतून ती रांग दिसायची.

आमचं यार्ड शहराच्या कडेला होतं. मुख्य रुळापासून एक फाटा निघून गोदामं आणि कारखान्यांकडं जायचा. त्याला आम्ही साइडिंग म्हणायचो. आत शिरलं की आधी धान्य गोदामाचा फलाट, मग एक मोकळा फलाट, त्याच्यापुढं हाडांची गिरणी, आणि गिरणीच्याही पुढं थोडं गेलं की रूळ संपायचे. तिथं मातीचा ढिगारा आणि आडवा लाकडी ओंडका. त्याला डेड एंड म्हणतात. आत जायला आणि बाहेर यायला तोंड एकच. म्हणजे सर्वांत आत ज्याला जायचंय त्याला सर्वांत आधी ढकलायचं. आतला डबा आधी रिकामा झाला तर त्याच्या बाहेरचे सगळे ओढून काढायचे, तो सोडवायचा आणि बाकीचे परत जागच्या जागी नेऊन लावायचे. हे सगळं करायला इंजिन मिळायचं ते एक पॅसेंजर गेल्यापासून दुसरी यायच्या आत. असा अवधी दिवसातून दोनदा, एक सकाळी आणि एक दुपारी.

मी टेबलावर खडूनं रूळ काढायचो आणि त्यावर चिंचोके मांडायचो. एक चिंचोका म्हणजे एक डबा. टेबल सरकारी, चिंचोके घरचे. नवीन आलेला साहेब हसायचा आणि आठवडाभरानं स्वतः चिंचोके सरकवत बसायचा. मांडणी जमली की चिठ्ठी लिहून इस्माईल जमादाराकडं पाठवायची. जमादार म्हणजे शंटिंगचा, डबे पुढंमागं हलवून जागी लावायच्या कामाचा मुकादम. इंजिनाच्या पुढं झेंडी घेऊन चालणार तो, डबा दुसऱ्या रुळावर वळवायला सांधे बदलून घेणार तो. प्रत्येक डबा लागला की साइडिंगवरच्या फोनचा कान पिळून तो मला कळवायचा, "साब, डब्बा जागे पे है." हे एक वाक्य ऐकलं की मी चिंचोक्यावरचं बोट उचलायचो.

डब्यांचा नुसता क्रम बघून भागत नाही, हेही शिकलो होतो. एकदा लाल मिरचीचे डबे मी यार्डाच्या पश्चिमेला उभे केले. क्रमानं अगदी बिनचूक. दुपारी वारा सुटला आणि फलाटावरची पॅसेंजरभर माणसं एका सुरात शिंकायला लागली. स्टेशन मास्तर डोळे पुसत केबिनचा जिना चढून आले आणि वर येईपर्यंत काय बोलायचं ते शिंकांमध्ये विसरून गेले. तेव्हापासून मी चिंचोके मांडायच्या आधी खिडकीतून हात बाहेर काढून वारा बघायचो.

केबिन उंचावर होती. चारी बाजूंना काचा. तिथून सगळे दिसायचे आणि कुणीच भेटायचं नाही. दिवसभर फोनवर आवाज, पण माणूस नाही. बायको अंबाजोगाईकडं शाळेत होती, मुलं तिच्यापाशी. तिची बदली इकडं होत नव्हती, माझी तिकडं होत नव्हती. लोकांच्या डब्यांना मी चुटकीसरशी जागा द्यायचो, घरच्या चार माणसांना एका जागी आणणं काही जमलं नाही. तेव्हा मी ह्याला कंटाळा म्हणायचो. आता म्हातारपणी लाज कसली, तो एकटेपणा होता. डबा खायला बसलो की समोरच्या खुर्चीवर कंदील ठेवायचो, खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून.

इंजिन निघून गेल्यावर साइडिंगवर जे राज्य करायचे ते सांडूबाचे बैल. परगावच्या वाचकाला हे खरं वाटणार नाही, पण मीटरगेजचे डबे बैल ओढायचे. गोदामाचं चालू दार एकच. इंजिन डब्यांची माळ लावून जायचं, आणि मग पहिला रिकामा झाला की दुसरा दारासमोर आणायचा, मग तिसरा. तेवढ्यासाठी इंजिन कुठून आणणार? साइडिंगच्या ठेकेदारानं त्या कामाला सांडूबा आणि त्याची जोडी ठेवली होती. लाल्या आणि पाखऱ्या. सांडूबा बिडकीनकडचा. मंडळी वारली होती, मुलगा वाळूजला कंपनीत लागून तिकडंच राहिला होता. सांडूबा साइडिंगच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये बैलांसोबत राहायचा.

त्याचं काम बघण्यासारखं होतं. साखळी डब्याच्या बाजूला अडकवायची, बैल रुळांच्या मधून कधीच नाही, कडेनं चालवायचे. डबा हलेपर्यंत सगळा जोर. एकदा का चाक फिरलं की साखळी सोडून बैल बाजूला घ्यायचे, कारण सुटलेला डबा बैलाच्या बापाला थांबत नाही. मग सांडूबा चाकाखाली लाकडी गुटका सारायचा आणि डबा दारासमोर येऊन उभा. चाबूक त्याच्याकडं नव्हता. "हां रं लाल्या, हां रं माज्या राजा," एवढ्यावर काम व्हायचं. मला वरून त्याचा आवाज ऐकू यायचा नाही, ओठ दिसायचे. तरी मला पाठ झालं होतं.

दुष्काळाचा दुसरा उन्हाळा लागला आणि साइडिंगवरचा माल बदलला. कापूस नाही, तेलबिया नाहीत, मिरची नाही. धान्य यायचं तेवढं, आणि मोकळ्या फलाटावर गुरांच्या छावण्यांसाठी बाहेरून चारा उतरायचा. वाढलं ते एकच. हाडांची गिरणी. एरवी तिचा अधूनमधून एखादा डबा असायचा. आता गावोगावची मेलेली जनावरं, त्यांची हाडं गोळा होऊन रोज डबे यायला लागले आणि रोज चुरा भरून जायला लागले. गिरणीचे मुनीमजी मोठे सज्जन गृहस्थ. गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूण वर्ज्य, अंगाला अत्तराचा फाया. माझ्याकडं आले की दोन दिवस केबिनमध्ये हिना दरवळायचा. मुनीमजींनी ठेकेदाराला सांगितलं, आमचे मजूर पहारी लावून डबे ढकलतात, त्यात दिवस जातो. आता आम्हालाही बैल पाहिजेत.

सांडूबानं नाही म्हटलं. ठेकेदारानं त्याला बजावलं, बैल सगळ्या साइडिंगचे आहेत. ओढायचं नसेल तर जोडी घेऊन चालता हो.

त्या दिवशी सांडूबा पहिल्यांदा केबिनचा जिना चढून आला. पागोटं काढून हातात धरलं होतं.

"मास्तर, ह्ये जमायचं नाय. माजे बैल हाडाच्या डब्याला जुपनार नाय म्या."

"का रे बाबा? डबा तो डबाच. आत काय आहे ते बैलाला काय कळतंय?"

"वास येतो न्हवं त्यास्नी. लाल्या त्या अंगाला गेला की अंग थरथरवितो. आन् मास्तर, भावकी हाय ती त्येंची. आपल्याच भावकीचा डबा कसा वडावा त्येंनी?"

"मग गावी घेऊन जा त्यांना."

"गावाकडं काय हाय? हिरीला पानी नाय, काडी नाय. पाचोडच्या बाजारात दावावं म्हनलं, तर यंदा बैल घेनारा शेतकरी कुठंय? घेनारे दुसरेच हायेत. त्येंनी घेतले की चार म्हयन्यांनी माजा लाल्या त्याच डब्यातून हितंच यील. तुमीच त्येला जागा द्याल."

हे तो रागानं बोलला नाही. साधं सांगावं तसं सांगितलं. मला मात्र टेबलावरच्या चिंचोक्यांकडं बघवेना.

जमादार इस्माईल खाली उभा होता. सांडूबा गेल्यावर वर आला. "साब, सांडू का दिमाग थोडा फिरेला है. पर बात सच्ची बोलता उनो."

त्या दिवशी मी टेबल पुसून नव्यानं रेघा मारल्या. प्रश्न असा होता. मुनीमजींची तक्रार यायला नको, म्हणजे हाडांचे डबे थेट गिरणीच्या दारासमोर लागायला हवेत. सांडूबाचे बैल रिकामे दिसायला नकोत, म्हणजे त्यांना दुसरं काम हवं. आणि त्या कामातून त्यांच्या पोटात चारा जायला हवा. आमच्याकडं जुनी रीत होती, की चाऱ्याचा डबा रिकामा झाल्यावर तळाला जे झाडण उरतं ते बैलाचं. जो डबा ओढेल त्यानं ते घ्यायचं. छावणीवाल्यांचीही त्याला हरकत नसायची.

उत्तर सापडलं तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो. ते असं होतं. सकाळच्या अवधीत इंजिन सगळ्या साइडिंगमधून आत जाईल आणि हाडांचा पहिला डबा अगदी दारासमोर लावेल. दुपारच्या अवधीत पुन्हा सगळे बाहेर ओढून भरलेला काढेल आणि दुसरा दारासमोर लावेल. म्हणजे बैलांचं काम इंजिन करेल. एवढ्या खटाटोपात इंजिनाचा वेळ संपेल, म्हणून धान्याचे आणि चाऱ्याचे डबे ते साइडिंगच्या तोंडाशीच सोडून येईल. तिथून फलाटापर्यंत ते बैल ओढतील. म्हणजे इंजिनाचं काम बैल करतील.

यार्डाच्या शास्त्रात बघितलं तर ही मांडणी म्हणजे मूर्खपणा होता. एका खेपेत जे व्हावं त्याला मी चार खेपा लावत होतो. फलाटासमोर डबा लावता येत असताना लांब सोडून येत होतो. नवशिक्यानं असं केलं असतं तर मी त्याचे कान उपटले असते. पण मला ती मांडणी अजून पाठ आहे, आणि माझ्या सगळ्या नोकरीत इतकी सुंदर मांडणी मी दुसरी केली नाही.

कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला आणि काय? इस्माईलनं चिठ्ठी वाचली, माझ्याकडं बघितलं, तंबाखूची पिंक टाकली आणि झेंडी घेऊन निघून गेला. गाड्या आणि इंजिनं वाटून देणारा फोनवरचा कंट्रोलर मात्र वैतागला. त्याचा चेहरा मी जन्मात बघितला नाही, आवाज ओळखीचा. "काय हो, तुमच्या यार्डात इंजिन मुक्कामाला आलंय का? पूर्वी तुमचं यार्ड घड्याळासारखं चालायचं. वय झालं की काय?" मी म्हणायचो, "हाडांची गर्दी वाढलीये साहेब." तो फोन आपटायचा. माझ्या कामाचा मला अभिमान होता. मुद्दाम वाईट काम करणारा माणूस म्हणून शिव्या खाणं एक वेळ सोपं, पण काम येईनासं झालेला म्हणून शिव्या खाणं मला फार लागायचं. तो सगळा उन्हाळा मी त्या खात राहिलो. रात्री क्वार्टरवर गेलो की बायकोला पत्रात लिहावंसं वाटायचं. दोन ओळी लिहून मी हवापाण्याचं लिहायचो.

खाली साइडिंगवर मात्र लाल्या-पाखऱ्याची हाडं दिसायची थांबली. चाऱ्याच्या डब्याचं झाडण सांडूबा गोणपाटावर ओढून घ्यायचा आणि दोघांपुढं सारखं वाटून ठेवायचा. मी वरून बघायचो. माझा डबा खायची वेळ मी त्यांच्या वेळेला जुळवून घेतली होती. समोरच्या खुर्चीवर कंदील ठेवायचं त्या दिवसांत बंद झालं.

एक दिवस व्हायचं तेच झालं. कंट्रोलरच्या तक्रारीवरून वरचे एक साहेब तपासणीला आले. चष्मा, घामेजलेला शर्ट, हातात पाण्याची बाटली. त्यांनी खडूच्या रेघा बघितल्या, चिंचोके स्वतः सरकवून बघितले आणि माझ्याकडं बघून विचारलं, "गिरणीचे डबे बैलांना का देत नाही? निम्मा वेळ वाचेल."

ह्या प्रश्नाचं उत्तर मी फार आधी तयार करून ठेवलं होतं. "साहेब, गिरणीपाशी रुळाला चढ आहे. चढउतारावर बैलांनी डबा हलवू नये असा नियम आहे. डबा सुटला तर डेड एंड फोडून जाईल."

"चढ? तिथं चढ आहे?"

"आहे साहेब. डोळ्याला दिसत नाही."

दिसत नव्हता, कारण बहुतेक नव्हताच. साहेब उठले. "चला, बघू."

भर उन्हात आम्ही साइडिंगवरून चालत गिरणीपर्यंत गेलो. साहेब, मी, इस्माईल, आणि मागं बैल घेऊन सांडूबा, कारण गिरणीच्या अलीकडच्या मोकळ्या फलाटावर चाऱ्याचा डबा रिकामा होत होता. गिरणीच्या अलीकडं थांबून साहेब रुळाकडं वाकून बघत राहिले. मग म्हणाले, पाणी ओतून बघू, कुठल्या बाजूला वाहतं ते. बाटलीचं बूच काढून त्यांनी रुळाच्या माथ्यावर पाणी ओतलं.

त्या दिवसांत पाणी ओतणं म्हणजे काय ते ज्यांनी बघितलंय त्यांनाच कळेल. इस्माईलच्या तोंडून "या अल्ला" निघून गेलं. मुनीमजी दारात उभे होते, तेही चुकचुकले. पाणी तापल्या रुळावर क्षणभर थरथरलं, आणि ते कुठं जायचं हे ठरवायच्या आत पाखऱ्यानं सांडूबाच्या हातातला कासरा ओढून मान लांबवली आणि सगळं चाटून टाकलं. मग ओली जीभ त्यानं रुळावरून पुढं नेली, जिथवर ओल गेली होती तिथवर. लाल्याही आला. दोघं मिळून रूळ चाटत राहिले.

सांडूबा कासरा ओढत होता आणि पुटपुटत होता, "माफी करा साहेब, जनावर हाय, माफी करा."

साहेबांनी बाटलीत उरलेलं पाणी बघितलं. ते त्यांनी स्वतःच्या ओंजळीत घेतलं आणि लाल्याच्या तोंडापुढं धरलं. मग रुमालानं हात पुसत मला म्हणाले, "चढ आहे." आणि परत फिरले. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, पण माझ्या देवघरात त्यांच्यासाठी एक फूल असतं.

पुढं पाऊस आला, उशिरा पण भरपूर आला. श्रावण संपत आला आणि पोळा तोंडावर आला. आदल्या दिवशी सांडूबा केबिनखाली येऊन ओरडून सांगून गेला, "मास्तर, उद्या क्वाटरवरच ऱ्हावा." पोळ्याला साइडिंगवर डबा हलायचा नाही, ही आमच्याकडची पद्धत. मीच त्या दिवशीच्या मांडणीत बैल धरायचो नाही.

दुसऱ्या दिवशी तो जोडी सजवून क्वार्टरच्या दारात उभा. शिंगांना गेरू, गळ्यात घुंगरं, पाठीवर जुन्या साडीची झूल. गावात बैल घरोघर नेतात, घरची बाई ओवाळते, पुरणपोळीचा घास देते. माझ्या घरी बाई नव्हती, पुरणपोळीही नव्हती. मी ओशाळून तसं म्हणालो.

"वैनी नाईत तं तुमीच ववाळा. बैलाला काय, त्येला मानूस पायजे."

मग मी ताटलीत निरांजन लावलं, कुंकू शोधलं, सकाळची पोळी गुळासोबत कुस्करली. चाळीशी उलटलेला माणूस पहिल्यांदा कुणाला तरी ओवाळत होता. आधी लाल्याला ओवाळलं, मग पाखऱ्याला. घास देताना लाल्याची गरम जीभ तळहाताला लागली. इतक्या दिवसांत मला कुणाचा स्पर्श झाला नव्हता हे मला तेव्हा उमगलं.

"मास्तर," सांडूबा बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "येक इचारू? चाऱ्याचा डबा इंजान रोज लांब सोडायचं. फलाट म्होरं हाय, जागा मोकळी हाय, तरी लांब. उन्हाळाभर लांब. कामून?"

मी म्हणालो, "असतं काहीतरी यार्डाचं."

तो हसला. "व्हय, यार्डाचंच आसंल. लाल्या-पाखऱ्याला बी कळलंय ते. म्हनून आनलं त्यास्नी तुमच्याकडं." आणि जास्त काही न बोलता तो जोडी घेऊन वळला. मी दार लावून आत गेलो आणि पोटभर रडलो. कुणीतरी बघत होतं, कुणाला तरी कळत होतं, एवढंच होतं ते. पण उन्हाळाभर मी तेवढ्याचाच भुकेला होतो.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो. काही वर्षांत मीटरगेज गेलं, ब्रॉडगेज आलं. नवे डबे इतके अवजड की बैलांनी त्यांच्याकडं बघूसुद्धा नये. साइडिंग उखडली, हाडांची गिरणी शहराबाहेर गेली, तिच्या जागेवर दुकानं आली. सांडूबाच्या गावाकडची जमीनही नव्या कारखान्यांत गेली असं ऐकलं. पण तो साइडिंगवरून गेला तो ह्या सगळ्याच्या आधी, एकटा पाखऱ्या घेऊन चालत गेला. जोडी फुटली होती.

पोळ्यानंतर थोड्याच दिवसांनी लाल्या गेला. दुष्काळात जगलेला बैल हिरव्या गवतानं गेला. उपाशी राहिलेल्या पोटाला कोवळं ओलं गवत सोसलं नाही, पोट फुगलं आणि डॉक्टर यायच्या आत संपलं. सकाळी सांडूबा जिना चढून आला. ह्या वेळी पागोटं डोक्यावरच होतं.

"मास्तर, लाल्या गेला. गिरनीचा गडी येऊन बगून गेलाय." त्यानं काचेतून शेडकडं बघितलं. "गाव लांब हाय. तुमी जागा द्या."

माझं काम तेच होतं. मी टेबलाकडं बघितलं. गिरणीच्या पुढं, डेड एंडच्या मातीच्या ढिगाऱ्यापलीकडं रेल्वेची पट्टी होती, बाभळी होत्या. तिथं कुणी कधी काही मागितलं नव्हतं. मी तिथं बोट ठेवलं. इस्माईल आणि दोघं सांधेवाले फावडी घेऊन गेले. पावसानं जमीन मऊ झाली होती, खड्डा लवकर झाला.

अडचण पुढं होती. बैल न्यायला रुळावरून ढकलायची ट्रॉली होती, पण मध्ये गिरणीच्या दारासमोर हाडांचा डबा उभा होता, भरणं चालू होतं. सर्वांत आत ज्याला जायचंय त्याला वाट मोकळी पाहिजे. मी मुनीमजींना फोन केला.

"मुनीमजी, तुमचा डबा बाहेर काढतोय."

"अहो, भरतोय आम्ही. अर्धा झालाय. कशासाठी?"

"आत जायचंय एकाला."

तिकडं गिरणीचा खडखडाट ऐकू येत होता. मग मुनीमजी म्हणाले, "लाल्या का?"

"हो."

"काढा," ते म्हणाले.

दुपारच्या अवधीत इंजिन आत गेलं आणि अर्धा भरलेला हाडांचा डबा ओढून यार्डात घेऊन आलं. कंट्रोलरचा फोन आला, "आता इंजिन कशाला अडकवलंय?" मी म्हणालो, "एकाला आत लावायचंय साहेब. सगळ्यांत आत." का कोण जाणे, त्या दिवशी त्यानं फोन आपटला नाही.

मी काचेतून बघत होतो. पत्र्याच्या शेडपासून ट्रॉली निघाली. लाल्यावर पोळ्याची झूल टाकली होती. इस्माईल आणि सांधेवाले ढकलत होते, सांडूबा कडेनं चालत होता, जसा एरवी चालायचा तसा, रुळांच्या बाहेरून. त्याचे ओठ हलत होते. ट्रॉली गिरणीपाशी आली आणि अचानक गिरणीचा खडखडाट थांबला. कितीतरी महिने तो आवाज मला सतत ऐकू येत होता, थांबल्यावरच कळलं. दारात मुनीमजी हात जोडून उभे होते. ट्रॉली त्यांच्यापुढून गेली आणि बाभळींच्या आड झाली. मग मला काही दिसेना.

मी चिंचोक्यावर बोट ठेवून फोनपाशी बसून राहिलो. पॅसेंजरची वेळ होत आली. शेवटी घंटी वाजली.

"साब," इस्माईलचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "लाल्या जागे पे है."

मी चिंचोक्यावरचं बोट उचललं. खडूच्या रेघा मी रोज संध्याकाळी पुसायचो आणि रोज सकाळी नव्यानं काढायचो. रेघ संपते तिथल्या त्या एका चिंचोक्याला मात्र मी, बदली होऊन तिथून निघेपर्यंत, पुन्हा हात लावला नाही.